पाडव्याला पुसलेलं वर्ष

दिवस दिवाळीच्या पाडव्याचा. रक्कम एक लाख तीनशे रुपये. हजर चौघं: शेठजी, त्यांचा मुलगा, लातूर शाखेचे मॅनेजर आणि मी. ही रक्कम ज्यांच्या नावावर टाकायची होती, त्या मुरुडच्या गोदामाच्या इन्चार्ज मॅडम तिथं नव्हत्या. त्यांना बोलावलंच नव्हतं.

आमची पेढी नांदेडच्या मोंढ्यातली, म्हणजे धान्यबाजारातली. सोयाबीन, तूर, हरभरा घ्यायचा, ठेवायचा आणि भाव बघून विकायचा, हा धंदा. एक शाखा लातूरला, गोदामं मुरुडला आणि धर्माबादला. मी तिथं हिशेब बघतो. आधी सगळं फोनवर चालायचं आणि महिनाअखेरीला कोण काय बोललं होतं यावरून भांडणं व्हायची. म्हणून शेठजींच्या मुलानं ऑफिसच्या कामाचं एक सॉफ्टवेअर आणलं. त्यात वर्षाची एक टीम, टीममध्ये गोदामवार चॅनल, चॅनलमध्ये मालाचे फोटो, काट्याच्या पावत्या, दरांची विचारणा आणि मंजुरी. सगळ्यांच्या फोनवर एकच गोष्ट दिसणार. मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं.

त्यासाठी नियम मी केला होता. मंजुरी चॅनलमध्ये असेल तरच मंजुरी. फोनवर कुणी काही बोललं असेल तर ते धरायचं नाही. आणि चॅनलमधल्या दरांचे स्क्रीनशॉट काढून स्वतःच्या फोनमध्ये ठेवायचे नाहीत, कारण आमचे दर मोंढ्यात फिरायला लागले होते. हा नियम छापून मी चारही ठिकाणी भिंतीला लावला. मॅनेजर हसले होते. "मुनीमजी, आता काय शिंक आली तरी चॅनलमध्ये टाकायची का?" ते मला मुनीमजीच म्हणतात. मी ते मनावर घेत नाही.

पाडव्याला आमच्याकडं वहीपूजन होतं. हल्ली वही नावाला एक असते. तिच्याशेजारी लॅपटॉप ठेवतात, त्याच्या झाकणावर हळदीकुंकू वाहतात, स्वस्तिक काढतात. पूजा झाली, पेढा वाटला, आणि शेठजी नेहमीचं वाक्य बोलले, "चला, जुनं आवरा, नवं मांडा."

मुलानं लॅपटॉप पुढं ओढला. नव्या वर्षाची टीम त्यानं आधीच तयार केली होती. मग जुन्या टीमवर बोट नेलं आणि डिलीट निवडलं. खाली दोन पर्याय होते, मला दिसत होते. मी म्हणालो, "अहो, अर्काइव्ह करा ना. बंद होईल, पण राहील."

"काका, अर्काइव्ह केलं तरी यादीत लोंबकळत राहतं. स्वच्छ पाहिजे सगळं. पाडवा हाय आज." आणि त्यानं 'होय' दाबलंसुद्धा. मॅनेजरांनी टाळी वाजवली. शेठजींना काय झालं ते कळलं नव्हतं, पण तेही हसले.

पेढ्याचा दुसरा राउंड झाला तेव्हा मॅनेजर घसा साफ करून म्हणाले, "शेठजी, एक राहिलं. मुरुडची तूट. मॅडमनी ओलं सोयाबीन विचारल्याशिवाय काढलं. एकशे अठरा क्विंटल. तेव्हा बाजार त्रेचाळीसशे, त्यांनी दिलं साडेचौतीसशेनं. साडेआठशेचा फरक धरा." शेठजींनी माझ्याकडं बघितलं. मी तोंडी सांगितलं, एक लाख तीनशे. आकडा बरोबर होता. पण मला दुसरंच खटकलं. ही गोष्ट आषाढातल्या पावसातली. मॅनेजरांना ती टीम पुसून झाल्यावर अर्ध्या तासानं आठवली.

"मंजुरी नव्हती?" शेठजींनी विचारलं.

"नव्हती."

"मग त्यांच्याकडून घ्या. नाहीतरी त्या सोडूनच चालल्यात."

हेही खरं होतं. मॅडमना लातूरला एका मोठ्या वखार संस्थेत नोकरी लागली होती. त्यांनी आमच्याकडं महिनाभर आधी राजीनामा दिला होता. तिकडं रुजू व्हायचं तर आमच्याकडचं कार्यमुक्तीचं पत्र आणि 'काही येणं नाही' असा दाखला लागणार होता. तूट नावावर पडली की दाखला अडला, आणि दाखला अडला की नोकरी गेली, कारण त्यांच्या मागं प्रतीक्षायादी उभी होती.

भाऊबीजेच्या दिवशी त्यांचा मला फोन आला. मी बहिणीकडं पाटावर बसलो होतो.

"सर, दिवाळीत त्रास देते. मॅनेजर सर म्हणतायत माझ्याकडून लाख रुपये घ्यायचे. मी मंजुरी घेतली होती हो. चॅनलमध्ये. फोटो टाकले होते ओल्या पोत्यांचे. आता बघते तर टीमच दिसेना."

"स्क्रीनशॉट आहे?"

त्या म्हणाल्या, "सर, भिंतीवर तुमचाच कागद हाय ना. स्क्रीनशॉट काढायचे नाहीत म्हणून."

बहीण निरांजन घेऊन थांबली होती. मी फोन ठेवला आणि ओवाळून घेतलं.

दिवाळी संपल्यावर मी पहिलं काम केलं ते त्या सॉफ्टवेअरची मदतीची पानं वाचायचं. मग आमच्या गल्लीत एक गृहस्थ आहेत, शाळा-कॉलेजांना हीच कामं करून देतात, त्यांना विचारलं. दोन्हीकडं उत्तर एकच. डिलीट केलेली टीम तीस दिवस पडून असते. त्या मुदतीत ॲडमिन ती परत आणू शकतो. मुदत टळली की संपलं, सॉफ्टवेअरच्या कंपनीलाही ती आणता येत नाही. ॲडमिन एकच होता, शेठजींचा मुलगा.

मी त्याच्या केबिनमध्ये गेलो. त्यानं ऐकून घेतलं. "करतो की काका. एवढं काय?" दोन दिवसांनी परत विचारलं. "करून राहिलो ना." आठवड्यानं विचारलं तेव्हा तो चिडला. "काका, एक टीम परत आणायची म्हणजे मागची सगळी घाण परत येणार. तुम्ही अजून वह्यांतच अडकून बसलात." मला त्याचं खरं कारण कळत होतं. सगळ्यांसमोर मी अर्काइव्ह म्हणालो होतो आणि त्यानं ऐकलं नव्हतं. आता परत आणायची म्हणजे ते कबूल करायचं. तो वाईट मुलगा नाही. तिशीतला आहे, बापाच्या पेढीत बसतो, आणि त्याला कुणासमोर चुकीचं ठरायचं नसतं.

दरम्यान लातूरहून निरोप आला: मुरुडचा कागद करायचाय, या. मी सकाळची एसटी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर आलं. सगळा रस्ता माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, मॅनेजर माझ्यापुढं काय ठेवणार.

त्यांनी छापलेला कागद ठेवला. एकच वाक्य होतं. 'सदर विक्रीस कोणतीही मंजुरी घेण्यात आलेली नाही.' खाली माझ्या सहीची जागा.

"हे मला लिहिता येणार नाही," मी म्हणालो.

"का? दाखवा मंजुरी."

"दाखवता येत नाही. म्हणून घेतली नव्हती असं होत नाही. टीम पुसलीय."

"मुनीमजी, तुमचाच नियम हाय. चॅनलमध्ये नसंल तर मंजुरी न्हाई. चॅनलमध्ये हाय का?"

"चॅनलच नाही."

"मग झालं की! न्हाई म्हणजे न्हाई."

मी पेन काढलं आणि त्यांच्या कागदावर, त्यांच्या वाक्याच्या खाली, माझं वाक्य लिहिलं. 'मंजुरीची नोंद आज दिसत नाही. ज्या टीममध्ये ती असायला हवी होती ती पाडव्याच्या दिवशी डिलीट झाली आहे. परत आणण्याची मुदत अजून शिल्लक आहे.' आणि याखाली सही करतो म्हणालो.

मॅनेजरांनी कागद ओढून घेतला. "ह्याचा काय उपयोग? ह्याच्यावर वसुली कशी करायची?"

"मलाही तेच म्हणायचंय."

त्यांचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला त्या बाईचा लई पुळका आलाय."

पुळक्याचा प्रश्न नव्हता. मंजुरी नव्हतीच असं सापडलं असतं तर मी पहिल्या वाक्याखाली सही केली असती आणि रात्री नीट झोपलो असतो. खरं काय ते मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची सोय होती आणि ती रोज एकेक दिवसानं कमी होत होती.

बसस्टँडवर मॅडम भेटल्या. मुरुडहून मुद्दाम आल्या होत्या. सोबत त्यांचे वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्यांनी मला चहा आणू दिला नाही, स्वतः घेऊन आले.

"सर, माझी मुलगी चुकली असंल तर तसं लिहा. पण बघून लिहा," ते म्हणाले.

"बघितल्याशिवाय लिहिणार नाही," मी म्हणालो. यापेक्षा जास्त शब्द देण्याचा मला अधिकार नव्हता.

मॅडमनी विचारलं, "सर, सापडंल ना?"

"तुम्ही टाकलं असेल तर सापडेल."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, काहीतरी बोलायचं आहे. पण गाडी लागली.

घरी बायकोनं विचारलं तेव्हा सांगितलं सगळं. ती म्हणाली, "पोराच्या मागं किती दिवस फिरताव? बापाला बोला की सरळ." मी म्हणालो, बापाला सॉफ्टवेअर कळत नाही. ती म्हणाली, "बापाला वही कळते ना?"

मुदतीचे दोन दिवस उरले होते तेव्हा मी शेठजींच्या घरी गेलो. ते झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते.

"एक लाखासाठी मागचं वर्ष उकरायचं का हो?" ते म्हणाले. मॅनेजरांचा फोन आधी येऊन गेला असणार.

"शेठजी, तुमच्या वडिलांच्या वह्या माळ्यावर हायत का अजून?"

"हायत की. लाल फडक्यात. निजामाच्या वक्ताच्या पण हायत दोन-चार. उर्दूत. वाचता येत न्हाईत, पण हायत."

"पाडव्याला नवी वही मांडली की जुनीचं काय करायचे?"

"बांधून वर ठेवायचे."

"कधी जाळली का एखादी?"

"येडे झालात का? वही कुणी जाळतं का?"

"आपण जाळली. ह्या पाडव्याला. पेढे खात."

त्यांचा अडकित्ता थांबला. मग मी त्यांना सांगितलं, की झाकून ठेवायचं बटण वेगळं असतं आणि जाळायचं वेगळं, आणि त्या जाळलेल्या वहीची राख परवापर्यंत पुन्हा वही होऊ शकते, त्यानंतर नाही. त्यांनी आणखी एकच प्रश्न विचारला. "त्याला माहीत होतं?"

"दोन्ही बटणं समोर होती."

त्यांनी मुलाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग सूनबाई आतून म्हणाल्या, "मामंजी, ते तिरुपतीला गेलेत ना काल. दर्शनाच्या रांगेत असतील. फोन आत नेऊ देत न्हाईत, जमा करावा लागतो."

हे मला माहीत नव्हतं. मी तिथंच बसलो. शेठजींनी दर तासाला फोन लावला. जेवायची वेळ झाली, त्यांनी जेवायला बसवलं, मी बसलो. दुपार गेली. लाडू घेऊन बाहेर आल्यावर त्याचा फोन सुरू झाला तेव्हा इकडं दिवेलागण होत होती.

शेठजींनी इतकंच म्हटलं, "ती जुनी टीम आत्ता परत आण. तिरुपतीहून निघायच्या आधी आण."

"बाबा, इथं नेट—"

"आण म्हणलो ना."

मग फोन माझ्याकडं आला. मागं गर्दीचा, गोविंदा-गोविंदाचा आवाज. तो म्हणाला, "काका, तुम्ही बाबांकडं गेलाव." मी हो म्हणालो. त्यानं लॉगिन केलं, ओटीपी आला, तोवर पान निघून गेलं, पुन्हा लॉगिन केलं. हटवलेल्या टीमची यादी उघडली. एकच टीम होती यादीत. "दाबलं," तो म्हणाला. "एका दिवसापर्यंत वेळ लागू शकतो म्हणतंय." आणि जरा थांबून, "काका, अर्काइव्हच करायला पाहिजे होती." मी म्हणालो, देवाला माझा पण नमस्कार सांगा.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात लॅपटॉप उघडा ठेवून बसलो. सकाळी फक्त टीमचं नाव आलं. आत काही नाही. अकराच्या सुमारास चॅनलांची नावं आली, मुरुड त्यात होतं, पण रिकामं. चहा आला, गार झाला. चारच्या पुढं एकेक करून संदेश भरायला लागले. मी आषाढापर्यंत मागं गेलो.

सापडलं. ओल्या पोत्यांचे फोटो, छताच्या पत्र्याला पडलेल्या भोकाचा फोटो. मॅडमचा संदेश: पाणी आत आलंय, अंदाजे नव्वद क्विंटल भिजलंय, गिऱ्हाईक साडेचौतीसशे म्हणतंय, काय करू? त्याखाली मॅनेजरांचा होकार. 'हाव. काढून टाका. ठेवलं तर बुरशी धरंल.' तारीख, वेळ, नाव, सगळं जागेवर.

मला घाम आला होता तो पुसला. मग पुढं वाचत गेलो, कारण धाग्यातले अर्धेच संदेश वाचून उठायची मला सवय नाही. त्या दिवशीची काट्याची पावती होती. एकशे अठरा क्विंटल. नव्वदच्या वरच्या अठ्ठावीस क्विंटलची विचारणा कुठंच नव्हती. वर नाही, खाली नाही, दुसऱ्या चॅनलमध्ये नाही. मी तीनदा शोधलं.

मॅडमना फोन केला. सापडलं म्हणून सांगितलं. त्या रडल्या. मग अठ्ठावीसचं विचारलं.

बसस्टँडवर जे बोलायचं राहिलं होतं ते आता आलं. "सर, थप्पी काढली तर खालची पोती पण ओली निघाली. गाडी उभी होती. मी मॅनेजर सरांना फोन लावला. ते म्हणाले, तुमचं तुम्ही बघा. ओलं अर्धं ठेवून मी काय करणार होते?"

"चॅनलमध्ये का नाही टाकलं?"

"हात चिखलात होते, सर."

मॅनेजरांना विचारलं. असा फोन आल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

मी आख्खा धागा छापला. मंजुरी, फोटो, पावती, सगळं. एक प्रत शेठजींना, एक लातूरला. शेठजींनी चष्मा लावून वाचला. मॅनेजरांचं 'हाव' त्यांनी दोनदा वाचलं आणि लातूरला फोन लावून जे बोलले ते इथं लिहीत नाही. नव्वद क्विंटलचे शहात्तर हजार पाचशे गोदाम-नुकसानीत टाकायला सांगितले. मग बोट पावतीवर ठेवलं.

"आणि हे वरचे अठ्ठावीस?"

"तेवीस हजार आठशे."

"मंजुरी?"

"नोंद नाही. मॅडम म्हणतात फोनवर विचारलं होतं. पोती भिजलेलीच होती, शेठजी. ठेवली असती तरी गेलीच असती."

"तुमचा नियम काय म्हणतो?"

नियम त्यांच्याही भिंतीवर होता. मी सांगितलं, फोनवरचं धरायचं नाही.

"मग धरू नका," ते म्हणाले.

मी पुन्हा लातूरला गेलो. मॅडमच्या रुजू होण्याला चार दिवस होते. मी कार्यमुक्तीचं पत्र दिलं, दाखला दिला, आणि अठ्ठावीस क्विंटलची कपात दाखवणारा हिशेबाचा कागद पुढं ठेवला. त्यांनी तो वाचला. वडील बाहेर बाकावर बसले होते.

"सर, तेवढं दाखवायलाच पाहिजे होतं का?"

"तुमच्या मंजुरीचं 'हाव' ज्या पानावर होतं, त्याच पानावर ती पावती होती."

"पान फाडता आलं असतं."

"मग मॅनेजरांनाही फाडता आलं असतं."

त्यांनी सही केली, मराठीत, पूर्ण नावाची. दाखला मात्र प्लास्टिकच्या फाईलमध्ये दोनदा तपासून ठेवला. उठताना म्हणाल्या, "नव्या ठिकाणी मी हात चिखलात असले तरी लिहीन." हे मला ऐकवायला होतं की स्वतःला, ते कळलं नाही.

भिंतीवरच्या कागदातली स्क्रीनशॉटची ओळ मी त्याच दिवशी खोडली. जुनी टीम अर्काइव्ह केली.

मॅडमचा अडकवलेला शेवटचा पगार बावीस हजार आणि बोनस अकरा हजार, मिळून तेहतीस हजार. त्यातून अठ्ठावीस क्विंटलचे तेवीस हजार आठशे कापले. उरलेले नऊ हजार दोनशे रुपये चेकनं मॅडमना दिले.